खिडकी न उघडणाऱ्या हॉटेलात आबांना दोन रात्री कसं ठेवू? (पुणे स्टेशनजवळ)

हळद_दिवाणजी (सांगली)

नमस्कार मंडळी. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, एकवीस वर्षं झाली. पुढच्या महिन्यात आमच्या एका मोठ्या खरेदीदाराने पुण्यात दोन दिवसांची बैठक ठेवली आहे आणि मालकांच्या वतीने मी जाणार आहे. उतरायची सोय त्यांनीच केली आहे. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर मोठं नवं हॉटेल आहे, अकरा-बारा मजली. बैठकही तिथंच खालच्या हॉलमध्ये. खोली दोघांची मिळतेय.

माझी बायको मुलीच्या बाळंतपणाला इचलकरंजीला गेलीय. घरी आबा एकटेच उरतात. वय ७८, तब्येत काटक, पण रात्रीचं एकटं ठेवायला माझं मन घेत नाही. म्हणून त्यांना बरोबर न्यायचं ठरवलंय. तेही तयार आहेत.

अडचण एकच आहे. बंद खोलीत आबांना झोप लागत नाही. हा म्हातारपणाचा हट्ट आहे असं कृपया म्हणू नका, कारण सांगतो. आबांची उमर हरिपूरच्या पेवांत गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे हळद पूर्वी जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. वीस-बावीस फूट खोल, वर तोंड अरुंद, आत पोट मोठं. बाजूने गवत आणि पाला लावायचा, हळद भरायची आणि तोंड दगड-मातीने लिंपून टाकायचं. आत हवा नाही म्हणून कीड जगत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. पण त्याच कारणाने माणूसही जगत नाही. पेव फोडलं की कितीतरी वेळ तसंच उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत तगली तरच माणूस उतरायचा. एकदा माल न्यायला ट्रक येऊन उभा होता, म्हणून घाई केली आणि आबांच्या जोडीदाराला आतच भोवळ आली. आबांनी त्याला काखेत दोर घालून ओढून काढलं. तो वाचला. पण तेव्हापासून आबा घरात थंडी-पावसातही एक खिडकी उघडी ठेवतात. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, हळदीचा चिखल झाला आणि ते कामही सुटलं. ही सवय मात्र गेली नाही.

तीन वर्षांपूर्वी एका लग्नाला आम्ही दुसऱ्या एका शहरात अशाच काचेच्या हॉटेलात उतरलो होतो. नाव घेत नाही. खिडकीला कडीच नव्हती. रात्री दोनला मला जाग आली तर आबा पलंगावर नाहीत. शोधत गेलो तर जिन्याच्या दाराशी फरशीवर बसलेले, दार पाठीने उघडं धरून. रखवालदार त्यांना "इथं बसायचं नाही" म्हणून सुनावत होता. मला म्हणाले, "आत वारं न्हाई रं. ज्योत ऱ्हायाची न्हाई तितं." मला ते अजून विसरता येत नाही.

तर विचारायचं हे की अशा हॉटेलांत उघडणारी खिडकी मागता येते का? आणि नसेलच तर आत हवा येते कुठून? मला ते नीट कळलं तर मी आबांना पटवून देऊ शकेन. नुसतं "काही होत नाही" म्हटलेलं त्यांना चालत नाही, आणि चालू नयेच. दुसरं म्हणजे बैठकीच्या वेळी ते दिवसभर एकटे असतील. गाडी कुठली धरावी तेही सांगा.

कडेगाव_७७

दिवाणजी, एवढा त्रास कशाला? दोन रात्रींसाठी आबांना एखाद्या पाहुण्यांकडे सोडा नाहीतर शेजाऱ्यांना झोपायला बोलवा. त्यांनाही बरं आणि तुम्हालाही.

हळद_दिवाणजी

कडेगावकर, शेजारी येतील हो. पण मी "येताय का" विचारल्यावर आबांनी त्याच संध्याकाळी धोतर धुवायला काढलं. त्यांना यायचंय. आता नको म्हणणार नाही.

तासगावचा_फ्रंट_ऑफिस

दिवाणजी, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी मूळ तासगावचा, चौदा वर्षं पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत रिसेप्शनवर काम करतोय. तुमच्या आबांचा प्रश्न बरोबर आहे, आणि तो विचारणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितो.

खिडक्या बंद ठेवण्याची कारणं साधी आहेत. उंचावरून कुणी पडू नये, स्टेशनजवळची धूळ आणि आवाज आत येऊ नये, आणि थंड केलेली हवा बाहेर जाऊ नये. काही ठिकाणी खिडकीला अडसर असतो आणि तो किल्लीने काढला की ती चार बोटं उघडते. ती किल्ली हाउसकीपिंगकडे असते. आधी फोन करून विचारा. बाल्कनीची खोली असेल तर तीच मागा. पण बहुतेक नव्या बिझनेस हॉटेलांत दोन्ही नसतं, तेव्हा ते धरून चाला.

आता हवा. लोकांना वाटतं एसी बाहेरची हवा आणतो. खोलीत दारावरच्या खोट्या छतात जे यंत्र असतं ते खोलीतलीच हवा फिरवून गार करतं, त्यात नवीन काही येत नाही. ताजी हवा वेगळ्या वाटेने येते. गच्चीवर मोठं यंत्र असतं, ते बाहेरची हवा गाळून, गार करून पत्र्याच्या नळांतून प्रत्येक मजल्यावर पाठवतं. आणि खोलीतली जुनी हवा बाथरूमच्या छतातल्या जाळीतून वर ओढली जाते. हा पंखा चोवीस तास चालू असतो, त्याचं बटण खोलीत नसतं. म्हणजे हवा एका बाजूने येते, दुसऱ्या बाजूने जाते. बाथरूमच्या दाराखाली बोटभर फट दिसेल, ती मुद्दाम ठेवलेली असते. तिथं पायपुसणं सारू नका.

आबांना ज्योत हवी ना? खोलीत काडी किंवा उदबत्ती मात्र पेटवू नका, छतात धुराची घंटा असते आणि सगळा मजला जागा होईल. त्याऐवजी हे करा. टिश्यू पेपरची टीचभर पट्टी फाडा आणि बाथरूमच्या जाळीला लावून हात सोडा. ती तिथंच चिकटून राहिली पाहिजे. पडली तर ओढ नाही. मग खाली फोन करून "बाथरूमचा एक्झॉस्ट ओढत नाही" एवढंच सांगा. इंजिनिअरिंगचा माणूस येतो. त्याच्याने नाही झालं तर खोली बदलून मागा. भीड बाळगू नका, हा तुमचा हक्क आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी सांगत नाही. दाराशेजारी एक खाच असते, तिच्यात कार्ड घातलं की लाइट आणि एसी चालू होतो. तुम्ही कार्ड घेऊन बैठकीला गेलात तर आबा अंधारात, बंद एसीत बसतील. पहिल्याच दिवशी दोन कार्डं मागून घ्या. एक खाचेत कायम राहू द्या. एसी २६ वर, पंखा हळू.

आधार कार्ड दोघांचंही मूळ न्या. पॅनवर पत्ता नसतो म्हणून ते चालत नाही. बिल खरेदीदार भरणार असले तरी फ्रीजमधला खाऊ, कपडे धुणं याचे पैसे बहुधा तुमच्या नावावर लागतात, तेव्हा रिसेप्शनवर "काय काय धरलंय" ते विचारा. आबांसाठी जास्तीचा पलंग घेतला आणि त्याचे पैसे तुम्हाला भरायचे असले तर करही लागेल. रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. त्यावरच्या खोलीला १८.

मिरज_माहेर

भाऊ, मी माझ्या आईला घेऊन उपचारांसाठी अशा हॉटेलांत चार वेळा राहिलेय. तासगावकरांनी हवेचं सांगितलं, मी न्हाणीघराचं सांगते, कारण म्हातारी माणसं तिथंच पडतात.

काचेच्या आडोशाला शॉवर असतो आणि खाली गुळगुळीत फरशी. आई पहिल्या दिवशी साबणावरून घसरली, दैवाने कमोडला धरलं म्हणून वाचली. दुसऱ्या वेळी मी आधीच फोन करून विचारलं की हाताला धरायच्या दांड्या असलेली खोली आहे का. मोठ्या हॉटेलांत अपंग पाहुण्यांसाठी अशा एक-दोन खोल्या असतात आणि रिकाम्या असल्या तर देतात. नाही मिळाली तर बादली, मग आणि स्टूल मागा. आणून देतात, लाज वाटू देऊ नका. रबरी पायपुसणंही मागा. नळ उघडण्याआधी गरम कुठे आणि गार कुठे हे आबांना तुम्ही स्वतः फिरवून दाखवा. एकाच दांड्याचा नळ असतो, किंचित हलला तरी कढत पाणी येतं. आईचा हात भाजला होता.

गाद्या फार मऊ असतात. आईची कंबर धरायची. खाली फरशीवर जास्तीची गादी घालून द्या म्हटलं की देतात. रात्री बाथरूमचा लाइट चालू ठेवून दार अर्धं लोटा, म्हणजे अनोळखी जागी ठेच लागत नाही.

लिफ्टचंही आहे. पुष्कळ ठिकाणी कार्ड टेकवल्याशिवाय लिफ्ट मजल्यावर जात नाही. आबा पहाटे उठून खाली गेले तर परत वर कसे येतील? तिसरं कार्ड घ्या नाहीतर एका चिठ्ठीवर हॉटेलचं नाव, खोलीचा नंबर आणि तुमचा मोबाइल लिहून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवा. सगळी दारं सारखी दिसतात. मी आमच्या दाराच्या मुठीला आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. कुणी काही म्हणालं नाही.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. नाश्त्याला शंभर पदार्थ असले तरी म्हाताऱ्या माणसाला पोटाला ओळखीचं काहीतरी लागतं.

निवृत्त_गार्ड_मिरज

गाडीचं मी सांगतो. नोकरीची सुरुवात मिरजेला केली, तेव्हा आमच्या जंक्शनात अजून छोटी लाईन होती. ३४ वर्षं याच मार्गावर गेली.

पुण्याला जाताना कोयना एक्सप्रेस धरा. सकाळी सांगलीतून बसायचं, दुपारी पुण्यात. बिनएसी डब्यात आरक्षण करा, खिडकी उघडते. तुमच्या आबांना हेच लागेल. सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेली वंदे भारत झटपट आहे आणि सांगलीला थांबते, पण तिची खिडकी उघडत नाही. दोन्ही बाजूंनी बंदच नको. दुपारी पोचलात तर हॉटेलची खोलीही तयार असते, बहुतेकांची वेळ दोनची आहे. महालक्ष्मीने जाऊ नका. ती अपरात्री पुण्यात पोचते आणि खोली मिळेपर्यंत तुम्ही आबांना घेऊन बसणार कुठे?

येताना उलट आहे. खोली बाराला सोडावी लागते. पुण्याहून वंदे भारत दुपारी सव्वादोनच्या सुमारास सुटते. मधल्या दोन तासांत सामान हॉटेलच्या सामान ठेवायच्या खोलीत ठेवून बिल्ला घ्या, लॉबीत आबांना बसवा, दीडला निघा. दहा मिनिटांचं अंतर असलं तरी मालधक्का चौकातून स्टेशनात शिरताना दुपारी गर्दी असते, तेव्हा चालत न जाता रिक्षा करा. येतानाही एसी नको असेल तर कोयना आहेच, पण ती दुपारी लवकर निघते, खोली अकरालाच सोडावी लागेल.

आणि एक. खोली मागताना रस्त्याच्या बाजूची नको, रुळांच्या बाजूची मागा. रस्त्यावरचे हॉर्न सारखे चालू असतात. गाडी येते आणि जाते. बंद काचेतून तिचा आवाज फार येतही नाही, आणि आबांना बघायला मिळेल.

हळद_दिवाणजी

सगळ्यांचे मनापासून आभार. तासगावकर, तुमचं लिहिलेलं आबांना वाचून दाखवलं. गच्चीवरच्या यंत्राचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे पेवाला दोन तोंडं." मी म्हटलं हो. पट्टीचं ऐकून काही बोलले नाहीत, पण जेवताना म्हणाले की टिश्यू म्हणजे केवढा जाड असतो.

हॉटेलात फोन केला. उघडणारी खिडकी नाही, बाल्कनी नाही. दांड्यांची खोली आधीच गेलेली. बादली, स्टूल आणि खाली गादी देतो म्हणाले. रुळांच्या बाजूची खोली लिहून घेतली. जाऊन आलो की कळवतो.

हळद_दिवाणजी (पाच आठवड्यांनी)

उशिरा लिहितोय, माफ करा. नातू झाला, त्या गडबडीत राहून गेलं.

कोयनेने गेलो. आबा साताऱ्यापर्यंत खिडकीला डोकं टेकून होते. स्टेशनात उतरून रिक्षाने हॉटेलात गेलो तेव्हा सव्वातीन झाले होते. खोली नवव्या मजल्यावर. आत शिरल्यावर आबा दाराशीच थांबले. मी कार्ड खाचेत घातलं, लाइट लागले. त्यांनी चप्पल काढली आणि सरळ बाथरूममध्ये गेले. मी स्टूलवर चढून टिश्यूची पट्टी जाळीला लावली आणि हात सोडला.

पट्टी पडली.

खरं सांगतो, माझ्या पोटात खड्डा पडला. परत लावली, परत पडली. आबा माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. पेव फोडून थांबलेला माणूस जसा थांबतो तसे ते उभे होते. मी खाली फोन केला, तासगावकरांनी सांगितलेलंच वाक्य बोललो. दहा मिनिटांत एक पोरगा आला, विशीतला, हातात पिशवी. त्याने जाळी काढली, आत हात घातला. आबांनी न सांगता त्याच्या हातातली बॅटरी घेतली आणि वर धरली. नळात एक पत्र्याची झडप असते, ती या खोलीची बंद पडली होती. त्याने ती फिरवून स्क्रू आवळला. वीसेक मिनिटं लागली. मग जाळी लावायच्या आधीच आबांनी स्वतः पट्टी वर धरली. ती हातातून सुटून खटकन आत ओढली गेली. दुसरी फाडून जाळीला लावली, ती चिकटून फडफडत राहिली. आबा म्हणाले, "हां. हितनं जातंय म्हंजे कुठनं तरी येतंय." त्या पोराला त्यांनी पिशवीतल्या दोन दशम्या दिल्या. त्यानेही घेतल्या.

ती खोली आमच्या आधी किती जणांना दिली असेल आणि कुणाला जड झोप लागली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. मी ते रिसेप्शनवर लिहून दिलं आणि त्यांनी नोंद करून घेतली.

पहिल्या रात्री आबा बाथरूमच्या दाराकडे डोकं करून खालच्या गादीवर झोपले. दोनदा उठले. मी जागाच होतो, डोळे मिटून पडलो होतो. उठून दाराशी जायचे, पट्टी बघायचे, परत येऊन पडायचे. दुसऱ्या रात्री उठले नाहीत.

मिरजेच्या ताई, चिंधीचं फार उपयोगी पडलं. आईचं लुगडं नव्हतं, आबांनी उपरण्याची कड फाडून बांधली. बैठकीच्या दिवशी साडेचारला उठून ते खाली गेले, स्टेशनासमोर चहा घेतला, एका हमालाशी बोलत बसले आणि साडेसहाला आपलं आपण वर आले. कार्ड लिफ्टला टेकवायचं त्यांनी एकदा बघून ध्यानात ठेवलं होतं. नळाचा दांडा मात्र त्यांनी शेवटपर्यंत मलाच फिरवायला लावला.

गार्डकाका, येताना कोयनेचं तिकीट मिळालं नाही. आबांना विचारलं, वंदे भारतला खिडकी उघडत नाही, चालेल का. डब्यात बसल्यावर त्यांनी आधी वर बघितलं. छताला जाळी दिसली. खिशातून घडी घातलेली टिश्यूची पट्टी काढली, उभे राहून जाळीजवळ धरली. इथं ती खाली उडाली, म्हणजे हवा आत येत होती. मग बसले. कऱ्हाड जाईपर्यंत झोपले होते.

तासगावकर, आबांचा तुम्हाला एक प्रश्न आहे, मी लिहून घेतलाय. रात्री लाइट गेली तर गच्चीवरचं ते यंत्र जनरेटरवर चालतं का?

तासगावचा_फ्रंट_ऑफिस

आमच्याकडे बाथरूमचे पंखे आणि ताज्या हवेचं यंत्र दोन्ही जनरेटरवर आहेत, लाइट गेल्यावर थोड्या वेळात परत सुरू होतात. सगळीकडे तसं असतंच असं नाही. उतरताना विचारायचं. मीही आजपासून आमच्या मजल्यांवरच्या रिकाम्या खोल्यांत पट्टी लावून बघायला सांगतोय. आबांना माझा नमस्कार सांगा, आणि नातवाबद्दल अभिनंदन.